रेवाबरोबर, एका सकाळी एकच गोष्ट

पुण्यातल्या घोडेस्वारीच्या क्लबांमध्ये नवशिक्याच्या वाट्याला पुष्कळदा शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच पैदास होणाऱ्या जातीचा घोडा, येतो. रेवा त्यांतलीच. कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी रंगाची, उंच, देखणी आणि पळायला सदैव तयार. शर्यतीच्या घोड्याला लगामावर भार टाकून धावायची सवय असते. स्वार जितका ओढेल, तितकं ते पुढे रेटतं. त्यामुळे अशा घोड्याला ताकदीने आवरायचा विचार आधी डोक्यातून काढावा लागतो.

आमचे सर लष्करातल्या घोडदळातून निवृत्त झालेले. हिंदीतच शिकवतात. ‘एडी नीचे, नजर सामने’ हे तर आता मला झोपेतही ऐकू येतं. त्यांनी घालून दिलेला नियम साधा होता: एका सकाळी एकच गोष्ट. दुडकी म्हणजे ट्रॉट सुधारायची असेल तर त्या दिवशी कॅंटरचं, म्हणजे तिच्याहून वेगवान चालीचं, नाव काढायचं नाही. मला तो नियम मनापासून पटला, कारण रविवारी दोन तास घोडा दमवून उरलेला आठवडा फिरकायचंच नाही, या पद्धतीने कुणी पुढे गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

ऑफिसच्या आधीच्या सकाळी ठरल्या. क्रमही ठरला. खरारा, खुरांतली माती काढणं, मग खोगीर. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एका दमात आवळायचा नाही. थोडा आवळायचा, घोडीला चार पावलं चालवायची, मग पुन्हा एक भोक वर. पहिली दहा मिनिटं सैल लगामावर नुसता वॉक. त्यानंतर त्या दिवशीचं काम, आणि शेवटी श्वास खाली येईपर्यंत पुन्हा वॉक. रेवाला हा क्रम पाठ झाला आणि तिची अर्धी घालमेल तिथेच संपली. पुढे काय येणार हे कळलं की घोडं शांत होतं.

खरं काम होतं ते सोडण्याचं. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटला की शिकतो. पोटरीचा दाब दिला, घोडी पुढे निघाली, त्याच क्षणी पोटरी सैल. लगामाने विचारलं, तिने वेग कमी केला, त्याच क्षणी बोटं उघडी. दोन-तीन सेकंद उशीर झाला तर तोवर तिने दुसरंच काहीतरी केलेलं असतं, आणि बक्षीस त्याला मिळतं. हे समजायला पाच मिनिटं पुरतात. हाताला ते उमगायला मात्र महिने लागले, कारण बोटं उघडायला आधी शरीराचा तोल स्वतंत्र हवा. मांड पक्की नसेल तर स्वार लगामालाच धरून बसतो.

म्हणून सरांनी मला लंजवर घेतलं. लांब दोरी त्यांच्या हातात, रेवा त्यांच्याभोवती गोल, माझे पाय रिकिबीबाहेर आणि हात कमरेवर. दुडकी दोन ठोक्यांची चाल, तिरपे समोरासमोरचे पाय, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा असे, जोडीने पडतात. रिकिबी नसल्या की तो प्रत्येक ठोका थेट कमरेत येतो. मांड्यांनी आवळून धरलं तर शरीर वर फेकलं जातं. मांड्या सोडल्या की खाली बसतं. पुष्कळ सकाळी मी एवढंच केलं. लगाम हातात नसल्याने रेवाला त्रास झाला नाही, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

मग रिंगणातली अक्षरं. वीस बाय चाळीस मीटरच्या रिंगणात कडेला ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ असतात. प्रत्येक अक्षरावर बदल: वॉकमधून थांबा, थांबून वॉक, वॉकमधून दुडकी. पळून जायच्या विचारात असलेली घोडी काही फेऱ्यांनंतर कान माझ्याकडे वळवून पुढचं काय ते विचारू लागली. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज, म्हणजे ठरवून दिलेल्या चाली अचूक करून दाखवण्याच्या प्रकारातल्या, संघाने सुवर्ण मिळवलं. घोडेस्वारीतलं ते १९८२ नंतरचं पहिलं सुवर्ण. अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला यांचे घोडे चारही पाय सरळ ठेवून स्थिर उभे राहतात ना, ते किती घोटल्यावर येतं, हे मला या अक्षरांनी शिकवलं.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. घोडा फक्त रिंगणात शिकत नाही. तबेल्यातून बाहेर काढताना खांदा मारून पुढे जाऊ दिलं, तर तेही त्याच्यासाठी शिक्षणच. म्हणून रेवाची निगा राखणाऱ्या सईसदादांशी बोलून ठरवलं: दारात थांबायचं, माणूस आधी बाहेर, मग घोडी. ते माझ्याहून कितीतरी जास्त वेळ तिच्याबरोबर असतात. त्यांनी हे रोज पाळलं म्हणून खोगिरावरचं माझं काम निम्म्याने सोपं झालं, आणि त्याचं श्रेय त्यांचंच.

जुलैत रिंगणात चिखल झाला की दुडकी बंद, कारण निसरड्या जमिनीवर पायाचे स्नायुबंध दुखावतात. पण काम बंद नव्हतं. शेडखाली दोरीवर मागे सरकणं, मागचा भाग बाजूला नेणं, खांदा वळवणं. पाऊस ओसरून पुन्हा वर बसले तेव्हा रेवा पोटरीच्या हलक्या स्पर्शाला उत्तर देत होती.

सध्या उजवी बाजू चालू आहे. डाव्या वर्तुळावर ती मऊ वाकते. उजवीकडे खांदा आत टाकते आणि कॅंटरला चुकीच्या पायावर, म्हणजे आतल्या उजव्याऐवजी डावा पाय पुढे टाकत, निघते. त्यावर वीस मीटरचं वर्तुळ, थोडा वेळच पण वरचेवर, आणि मधे दुडकीसाठी साधारण सव्वा मीटर अंतरावर मांडलेल्या जमिनीवरच्या बल्ल्या. काल उजव्या पायावर दोनदा नीट निघाली. तिथेच उतरले, तंग सैल केला आणि तिला चालवत तबेल्यात नेलं. उद्याही हेच करायचं आहे, बल्ल्या एकाने वाढवून.