खालिद जमीलची सात वर्षं

१९ नोव्हेंबर २०२५

काल ढाक्यात भारत फुटबॉलमध्ये बांगलादेशकडून १-० नं हरला. २००३ नंतर पहिल्यांदाच. आशियाई चषकासाठी पात्र व्हायची वाट तर ऑक्टोबरमध्येच बंद झाली होती, मडगावात सिंगापूरनं २-१ नं हरवलं तेव्हा. आज सकाळपासून मोबाईलवर जो तो भारतीय संघाच्या कोचच्या, खालिद जमीलच्या मागे लागलाय. याला कोच कोणी केलं, म्हणे. वाचून जीव तळमळला.

ऑगस्टमध्ये त्याचं नाव जाहीर झालं तेव्हा मी मैदानावर पोरांना पेढे वाटले होते. २०१२ नंतर पहिल्यांदा आपला माणूस त्या जागेवर कायम बसत होता. सप्टेंबरमध्ये मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपात ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर आणला, तेही आता कोणाला आठवत नाही.

मला मात्र त्याची मुंबई एफसी या क्लबातली वर्षं आठवतात. खेळाडू म्हणून तो मिडफिल्डचा. जन्म कुवेतचा, पण महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, शेवटी मुंबई एफसी असं सगळं आयुष्य मुंबईत गेलं. भारताकडूनही खेळला, पण दुखापतींनी त्याला सुखानं खेळू दिलं नाही. २००९ मध्ये, तिशी नुकतीच ओलांडली असताना, त्याच मुंबई एफसीची जबाबदारी अंगावर आली. मोठे खेळाडू घ्यायला पैसा नाही, चषक जिंकायची आशा नाही. २०१६ पर्यंत त्यानं तो संघ आय-लीगमधून, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या वरच्या लीगमधून, खाली घसरू दिला नाही, एवढंच. या ‘एवढंच’ला कोणी हार घालत नाही. पण तो गेला आणि पुढच्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन लीगबाहेर पडली. तो असताना काय सांभाळत होता, ते तेव्हा कळलं.

आणि त्याच हंगामात त्यानं मिझोरमच्या आयझॉल क्लबला आय-लीगचा चॅम्पियन केलं! आधीच्या वर्षी हा संघ घसरला होता, गोव्याचे क्लब बाहेर पडल्यामुळे परत आत घेतला गेला. १८ सामन्यांत ३७ गुण, मोहन बागानचे ३६. जयेश राणे, आशुतोष मेहता ही मुंबई एफसीत खेळलेली पोरं त्यानं तिकडे नेली होती. कोणत्या पोराच्या पायात काय आहे, हे त्याला ठाऊक होतं. माझ्या मते कोचची खरी कमाई हीच. स्वतः चेंडूला पाय लावायची सोय संपली की डोळाच कामाला लावावा लागतो.

आमच्याकडचा एक पोरगा असाच आहे. गेल्या हिवाळ्यात त्याचा गुडघा गेला. काळ्या मातीचं मैदान. पावसाळ्यात ढोरांचे खूर रुततात आणि नोव्हेंबरात ते खड्डे दगडासारखे वाळतात. त्यात पाय मुरगळला तो मुरगळलाच. तेव्हापासून तो रेषेबाहेर उभा असतो. परवा सराव थांबवून तो थेट आत आला, पऱ्हाटीच्या काडीनं जमिनीवर रेघ ओढली आणि आमच्या लेफ्ट बॅकला म्हणाला, “तू इथून पुढं काहून जाते बे? चेंडू गेला की मांग कोण हाय तुह्या?” मग त्याला दंडाला धरून दोन पावलं मागं आणला, सेंटर बॅककडे तोंड करून उभा केला. पुढची पंधरा मिनिटं त्या बाजूनं एकही बॉल आत आला नाही. मी शिट्टी हातात धरून पाहत राहिलो. हे मी त्याला कधी शिकवलेलं नाही.

आज तोच विचारत होता, “सर, खालिदले काढतीन का?”

म्हटलं, माहीत नाही. पण हरलेल्या दोन सामन्यांवरून त्याचं मोल ठरवायला मी तयार नाही. नॉर्थईस्ट युनायटेडचा हंगाम अर्ध्यावर हाती घेऊन २०२१ मध्ये त्यानं संघ सेमीफायनलला नेला, म्हणून तर आयएसएलमधला, म्हणजे इंडियन सुपर लीगमधला, पहिला कायमस्वरूपी भारतीय मुख्य प्रशिक्षक झाला. जमशेदपूरही त्यानंच सेमीफायनलपर्यंत नेलं. गोल खायचे नाहीत, संघ जागेवर उभा ठेवायचा, ही त्याची पद्धत. रटाळ वाटते लोकांना. मला नाही वाटत.

लहान पोरांचा संघ या पोराच्या हाती द्यायचं ठरवलंय. त्याच्या बापाशी उद्या वावरात जाऊन बोलतो. कापसाची वेचणी ऐन भरात आहे, मजूर मिळत नाहीत, संध्याकाळी दोन तास पोरगा सोडायला तो सहजासहजी राजी होणार नाही. तरी बोलतोच.