गटारातली वीज

लंडनमधले पंधरा दिवस सगळ्यांचे जातात तसेच गेले. राजवाडा बाहेरून पाहिला, पाय दुखले. लिहायचंय ते सोळाव्या दिवसाबद्दल.

लेकीच्या स्वयंपाकघरात एक छोटा पडदा आहे. आज गॅस-विजेचे किती पैसे झाले ते तो सारखा दाखवत असतो. दुपारी दुसऱ्यांदा चहा टाकला की जावईबापूंची नजर तिकडे जाते. बोलत नाहीत बिचारे, पण मग चहा गोड लागत नाही. त्यांनीच सुचवलं, "बाबा, तुमचा जन्म वीज खात्यात गेला. गॉडलमिंगला जाऊन या."

वॉटर्लूहून पोर्ट्समथच्या गाडीत बसायचं, गिल्फर्ड गेलं की थोड्याच वेळात हे गाव. वे नदी, एक मुख्य रस्ता आणि मधोमध १८१४ सालची बुटकी बाजार-इमारत. तिला 'पेपरपॉट' म्हणतात. दिसतेही मिरपुडीच्या डबीसारखीच.

१८८१ साली इथे रस्त्यावरच्या गॅसदिव्यांचा करार संपत आला आणि दरावरून गॅसवाल्यांशी बिनसलं. कॅल्डर अँड बॅरेट नावाची मंडळी म्हणाली, आम्ही वर्षाला १९५ पौंडांत विजेचे दिवे लावतो. वेस्टब्रुकच्या कातडी कमावायच्या गिरणीत पाणचाक होतंच. गिरणीत फुकट दिवे लावून द्यायच्या बदल्यात मालकांनी ते वापरू दिलं. चाकावर सीमेन्स कंपनीचं जनित्र, रस्त्यावर मोजके आर्क दिवे (कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ठिणगीचे, झगझगीत) आणि स्वान या इंग्रज संशोधकाचे तीसेक छोटे बल्ब. सार्वजनिक वीजपुरवठा जगात पहिल्यांदा झाला तो इथे, असं मानतात. न्यूयॉर्कमध्ये एडिसनने वीजकेंद्र सुरू केलं ते पुढच्या वर्षी.

आणि केबल कुठून नेली? रस्त्याकडेच्या गटारातून! वीजवाल्यांना रस्ता खोदायचा कायदेशीर अधिकारच नव्हता. विजेचा कायदा आला १८८२ मध्ये. मी तिथे वाकून गटार बघत उभा राहिलो. नोकरीची निम्मी वर्षं माझी रस्ता खोदाईच्या परवानगीमागे गेली. केबलचं रीळ पडून, चर आखलेला, आणि मी फाईल काखेत धरून नगरपालिकेच्या बाकड्यावर. पाऊस सुरू झाला की सगळं पुढच्या दिवाळीवर. "अहो, उठा, लोक बघतायत," ही म्हणाली.

पावसाने त्यांनाही सोडलं नाही. नदीला पाणी चढलं की चाक नीट चालेना. मग जनित्र गावात आणून वाफेच्या इंजिनावर चालवलं. आता कोळसा विकत घ्यायचा, आणि घरी वीज घेणारे बोटांवर मोजण्याइतके! कारभार एव्हाना सीमेन्सकडे आला होता, पण जमाखर्चाचा मेळ त्यांनाही बसेना. १८८४ साली गाव मुकाट्याने पुन्हा गॅसकडे वळलं. वीज परत आली ती थेट १९०४ मध्ये. मधली वीस वर्षं त्या गॅसवाल्यांनी गावाला काय काय ऐकवलं असेल!

पेपरपॉटजवळ बसून दोन कप चहा घेतला. महाग होता, पण समोर पडदा नव्हता.

गटाराचा फोटो निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर टाकला, खाली सगळी हकीकत लिहिली. आमच्या जुन्या साहेबांचा लगेच मेसेज आला: "पण गटारातून न्यायची परवानगी कुणी दिली?"