मिठाला पाणी सुटलं: मुलुंडच्या टँकचा जुलै

तीन आठवड्यांत माझ्या घरातल्या समुद्री मत्स्यालयाचं केएच, म्हणजे पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा (माप डीकेएच), 8.4 वरून 7.0 वर आलं. लाइट तोच, खाणं तेच, नवा जीव एकही नाही. मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की सॉफ्टीच्या (मऊ कोरलच्या) टँकला डोसर, म्हणजे रसायनं थोडी थोडी सोडणारं यंत्र, कशाला हवा, दर रविवारी 25 लिटर पाणी बदललं की झालं. ते शब्द आता गिळतेय.

नव्यांसाठी थोडक्यात: सम्प (खालची फिल्टरची टाकी) धरून 165 लिटर पाणी, झोआ, लेदर, मशरूम ही मऊ कोरल, दोन क्लाउन मासे आणि गोगलगायींची फौज. स्टोनी, म्हणजे दगडी सांगाड्याची, कोरल नाहीत. 2001 पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे कोणी कितीही गळ घातली तरी तो विषय आमच्याकडे बंद. तरीही केएच खाणारे आहेतच, कोरलाइन (दगडांवरचं चुनखडी शेवाळ) आणि गोगलगायी. आठवड्याला साधारण 0.4 खातात. टँकचं पाणी कालवायचं माझं मीठ हाय अल्कचं, म्हणजे जास्त केएचचं, 35 पीपीटी (हजारात 35 भाग) खारटपणाला 11.2 देणारं, त्यामुळे पंधरा टक्के पाणी बदललं की तेवढंच परत मिळायचं. म्हणजे वॉटर चेंज हाच माझा डोसर होता, आणि हे मला तो बंद पडल्यावर कळलं.

पहिला संशय अर्थातच किटवर. सॅलिफर्टचं केएच किट जुनं झालं होतं, म्हणून ठाण्याच्या मित्राचा हाना चेकर (डिजिटल मापक) आणला. दोन्हींचे आकडे जुळले. किट निर्दोष. मग नवीन कालवलेलं पाणी तपासलं, टँकमध्ये घालायच्या आधी. केएच 7.0! त्याच ब्रँडचं, तेच मीठ, मार्चमध्ये 11.2 देत होतं.

इथे मी एक आठवडा वाया घालवला. बॅच खराब आली असं ठरवून टाकलं आणि दोन रात्री दुसऱ्या ब्रँडचे भाव बघत बसले. मग वाटलं, हलवताना जड कण खाली बसले असतील, म्हणून पाकीट जमिनीवर लोळवलं, उलटंपालटं केलं, पुन्हा कालवलं. पुन्हा 7.0.

त्यात आणखी एक गोष्ट होती जी मी बघूनही न बघितल्यासारखी केली. 25 लिटरला मी 960 ग्रॅम मीठ घालते, डोळे मिटून, गेली दोन वर्षं. या वेळी रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजणारा) 33 दाखवत होता. मी त्यालाच दोष दिला, 35च्या सोल्युशनने कॅलिब्रेट केला (आरओच्या पाण्यावर शून्य करून समाधान मानणाऱ्यांनो, कृपया हे सोल्युशन घ्या), तरी 33च. साठ ग्रॅम आणखी घातले तेव्हा 35 झाले. आणि मी पुढे गेले! साठ ग्रॅम कुठे गेले हे विचारलंच नाही.

उलगडा झाला तो कॅल्शियममुळे. नवीन कालवलेल्या पाण्यात ते मार्चच्या वहीत 445 पीपीएम होतं, आता 415. केएचमध्ये 4.2 ची घट, कॅल्शियममध्ये 30 ची. कॅल्शियम कार्बोनेट बसलं की दर 1 डीकेएचमागे साधारण 7 पीपीएम कॅल्शियम जातं. 4.2 गुणिले 7. गणित इतकं चपखल बसलं की मी एकटीच हसले. मॅग्नेशियम मात्र 1320 च्या आसपास जागच्या जागी. कंपनीने कमी घातलं असतं तर दोन्ही नेमकी या प्रमाणात कशी घटतील? म्हणजे मिठात सगळं होतं, पण माझ्याकडे कालवलं जाण्याआधीच त्याचा चुना झाला होता.

बादलीच्या तळाशी पांढरा गाळ होताच. तो मी दर वेळी 'विरघळेल हळूहळू' म्हणून सोडून देत होते. या वेळी चमचाभर काढून बशीत घेतला आणि वर व्हिनेगर टाकलं. फस्स! बशीभर फेस.

आता चुना झाला कसा? तर, जूनमध्ये सासूबाई बाल्कनीत कपडे काढायला गेल्या आणि तिथून ओरडल्या, "अगं, तुझ्या त्या महागड्या मिठाला पाणी सुटलंय बघ." मी आतूनच म्हटलं, "आई, ते खायचं मीठ नाही हो." त्यांनी फार वाद घातला नाही.

खायचं मीठ नाही, म्हणूनच तर! आमच्या खिडकीतून हायवेपलीकडची मिठागरं दिसतात. तिथे मीठ धरलं की उरलेलं कडू पाणी सोडून देतात, मॅग्नेशियम बरंचसं त्यातच जातं. आपल्या मिठात ते मुद्दाम ठेवलेलं असतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली की ओलं व्हायला लागतं, मॅग्नेशियम क्लोराइड 33 टक्क्यांवरच. माझ्या बाल्कनीत जुलैत 88 असते. ओलावा धरला की कॅल्शियम आणि बायकार्बोनेट एकमेकांना भेटतात, पाकिटातच. आणि ते साठ ग्रॅम? मी मिठाबरोबर पाणीही तोलत होते.

दोष निम्मा माझा, वॉशिंग मशीनशेजारी ठेवल्याबद्दल. निम्मा त्या दुकानदाराचा, जो मोठी बादली फोडून चार-चार किलोची साध्या प्लास्टिकची पाकिटं करून विकतो. लहान घरात पाकिटं सोयीची पडतात खरी. पण बादली त्याने कधी फोडली, किती दिवस उघडी होती, देव जाणे. पावसाळ्यात सुटं मीठ घेऊ नका, एवढं मी आता ठामपणे म्हणेन.

तर पुढचा बेत: त्याच ब्रँडची सीलबंद बादली आणायची, एसीच्या खोलीत एकाच बैठकीत नीट लोळवून 960-960 ग्रॅमच्या जाड झिप पिशव्या भरायच्या, हवा काढून. एसीतही आर्द्रता 33च्या वरच असते, म्हणून घाई करायची.

हे लिहिता लिहिता दुसरंच डोक्यात आलं. हाय अल्कच का? माझ्या टँकला आठवड्याला 0.4 लागतं. 165 लिटरला 1 डीकेएच म्हणजे सुमारे 5 ग्रॅम खाण्याचा सोडा. म्हणजे आठवड्याला दोन ग्रॅम! (बेकिंग पावडर नव्हे, सोडा.) या दोन ग्रॅमसाठी मी हाय अल्कला चिकटून बसले होते. टँक 8 वर, मीठही 8 चं, तर वॉटर चेंजला उडी नाही, आणि कधी मोठा बदल करावा लागला तरी कोरल दचकणार नाहीत. आतल्या पिशव्या वेगवेगळ्या सीलबंद असलेला खोका मिळाला तर तोलण्याचाही त्रास नाही. कॅल्शियम या हिशोबाने आठवड्याला तीनेक पीपीएम जाईल, ते वॉटर चेंज बघून घेईल. बादलीची ऑर्डर रद्द करतेय.

उरलेलं तीन किलो ओलं मीठ फेकणार नाही. टँकसाठीच्या नव्या रॉकचं क्युरिंग, म्हणजे आधी वेगळ्या पाण्यात मुरवणं, त्यात होईल.

7.0 वरून 8.4 ला न्यायला सात ग्रॅम सोडा. एकदम नाही, चार दिवसांत, आरओच्या पाण्यात विरघळवून, रिटर्न पंपाजवळ थेंबथेंब. आज दुसरा दिवस, रात्री 7.7. कडेची मोठी झोआ कॉलनी पूर्ण उघडली आहे, पण याचं श्रेय सोड्याला द्यायला मी अजून तयार नाही.

सोडा स्वयंपाकघरातल्याच डब्यातून घेतला. सासूबाईंनी विचारलं, "हा तरी खायचाच आहे ना?"