पुसलेले मीठ

मंगळवार, रात्री

दालनातल्या मावशींनी परवा माझ्या चित्राच्या खालच्या कडेवरची बुरशी ओल्या फडक्याने पुसून काढली आणि तसे कौतुकाने सांगितलेही. ती बुरशी नव्हती, मीठ होते. मी काहीच बोलले नाही, पण तेव्हापासून मन ठिकाणावर नाही.

शिरोळच्या आमच्या रानातली काळी माती पातळ डिंकात कालवून गोणपाटावर थापली होती आणि तिच्यात उसाची चिपाडे व खताच्या पोत्यांचे तुकडे रोवले होते. तो पांढरा थर मात्र मी रंगवलेला नव्हता. मातीला पाणी द्यायचे, मग ती सुकू द्यायची, की क्षार आपणच वर येतात. रानात तरी वेगळे काय झाले? कृष्णेचे पाणी उसाला पाटाने भरमसाट दिले, भारी, चिकण जमिनीतून त्याचा निचरा होईना, भूजल वर चढले, आणि पाणी उन्हाने उडून गेल्यावर क्षार तेवढे मागे राहिले.

कित्येक आठवड्यांची मेहनत एका हातासरशी गेली, याचे वाईट वाटणारच. पण राग त्याहून मोठा आहे, आणि तोच कळत नाही. हा पांढरेपणा जावा म्हणून आबांनी ताग गाडला, शेणखत ओतले, जिप्समही टाकले. (जमीन नुसती क्षारपड, म्हणजे क्षार साठलेली आहे; चोपण, म्हणजे सोडियम चिकटून घट्ट झालेली नाही, त्यामुळे जिप्समचा उपयोग नाही, हे माती तपासल्यावर कळले.) जे मीठ जावे म्हणून घर झिजले, ते गोणपाटावरून गेले तर मला लुटल्यासारखे का वाटावे? रान सुधारले तर माझ्याकडे चित्र उरणार नाही, असा काही हिशेब आत चालू आहे का? आबा असते तर... ते राहू दे.

दादाला फोनवर सांगितले, तर तो हसतच सुटला. "फडक्यानं निघत असतं, तर आम्ही जमिनीत भोकाच्या नळ्या कशाला पुरल्या असत्या?"

खरेच आहे. वरून पुसून क्षार जात नाहीत. मुळांच्या खालून निचरा करून ते पाण्याबरोबर बाहेर काढावे लागतात. आज संध्याकाळी पाहिले, तर कड पुन्हा पांढरी होऊ लागली आहे, आणि पूर्वीपेक्षा अंमळ दाटच, कारण मावशींनी मातीला पाणी पाजले होते. चौकटीशेजारच्या पाटीवर माध्यमांची यादी आहे: गोणपाट, माती, चिपाडे, क्षार. तिच्यात 'ओले फडके' वाढवायला हरकत नसावी. उद्या मावशींना विचारते.