जोडीदाराचं नाव कागदावर आणा

सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ला समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्यामुळे मानसिक आजार असलेल्या क्वीअर (समलिंगी, ट्रान्स वगैरे) व्यक्तीला रुग्णालयात दाखल करायची वेळ आली की वर्षानुवर्षं सोबत राहणारा जोडीदार बाहेर आणि संबंध तोडलेले घरचे आत, असं होऊ शकतं.

यावर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम १४मध्ये उपाय आहे, आणि तो जवळपास फुकट आहे. साध्या कागदावर लिहा: ‘कलम १४नुसार अमुक यांना माझे नामनिर्देशित प्रतिनिधी नेमत आहे.’ असा प्रतिनिधी म्हणजे उपचारांच्या निर्णयांत रुग्णाला साथ देणारी व्यक्ती. खाली सही किंवा अंगठा. नेमलेली व्यक्ती सज्ञान हवी. नातं विचारलं जात नाही. तिची लेखी संमतीही लागते. नेमकी हीच राहून जाते, म्हणून त्याच कागदावर तिची सही घ्या.

कागद नसेल आणि आगाऊ निर्देशातही (पुढे आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आधीच लिहून ठेवलेला कागद) कुणाचं नाव नसेल, तर कायदा आधी नातेवाईक बघतो, मग काळजीवाहक. आणि नातेवाईक म्हणजे रक्ताचे, लग्नाचे किंवा दत्तकाचे. जोडीदार मागे पडतो तो इथेच.

प्रतिनिधी कधीही बदलता येतो. एक प्रत रुग्णालयाच्या फाइलला, एक जोडीदाराकडे, फोटो दोघांच्या फोनमध्ये. प्रवेशाच्या वेळीच दाखवा. ‘फक्त घरचेच’ असं ऐकवलं, तर कलम १८ दाखवा. लैंगिक कलावरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क त्यात शब्दशः आहे.

बँक, मालमत्ता किंवा हाडाच्या ऑपरेशनला मात्र हा कागद चालत नाही. बौद्धिक अक्षमताही या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येबाहेर आहे.