लेझरने हात उतरतो का?

ठाण्याच्या तलावपाळीवर सकाळी फिरताना माझ्या डाव्या हातावरची, सूज आवरणारी घट्ट बाही पाहून बायका थांबवतात, आणि ज्यांच्या घरी हेच दुखणे आहे त्या हमखास विचारतात, की स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांनंतर सुजलेला हात लेझरने खरेच उतरतो का. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते.

काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या आणि त्यावर रेडिएशनही झाले, की हातातल्या लसिकेची (लिम्फ, म्हणजे ऊतकांतून वाहणारा पाण्यासारखा द्रव) परतीची वाट अरुंद होते आणि ती हातातच साचू लागते. माझ्या शस्त्रक्रियेनंतर चौदा महिन्यांनी, ऐन गणपतीत, रोजची बांगडी मनगटातून निघेना. साबण लावून ती काढली, तरी तिचा वळ तासभर तसाच होता.

लेझर म्हटले की चटका बसेल अशी भीती वाटते, पण हा कमी शक्तीचा लेझर असतो. बहुतेकदा वापरतात तो ९०४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चष्मा मात्र लावावाच लागतो. पेशींतील मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे सूक्ष्म भाग, हा प्रकाश शोषतात, त्यामुळे कडक झालेले ऊतक सैल होण्यास आणि लसिकेचा प्रवाह सुधारण्यास मदत होते, असे मानले जाते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, उपचारांची दोन आवर्तने घेतलेल्या सुमारे ३१ टक्के स्त्रियांच्या हाताची सूज २०० मिलिलिटरहून अधिक उतरली होती; मात्र हा फरक लगेच नव्हे, तर दोन-तीन महिन्यांनी दिसला. म्हणजेच बहुसंख्य स्त्रियांना एवढा उतार पडला नव्हता, हेही मी प्रत्येकीला सांगते.

फिजिओथेरपिस्ट काखेतल्या एकेका बिंदूवर उपकरणाचे टोक टेकवून मिनिटभर धरत. काहीच जाणवत नसे, आणि पहिले तीन आठवडे हात मोजायची टेपही तेच आकडे दाखवत राहिली, तेव्हा मी फार खचले होते. आधी सैल झाला तो काखेतला व्रण. सुतळीसारखा ताणलेला तो भाग मऊ पडला आणि एके दिवशी वरच्या फळीवरचा डबा मी सहज खाली काढला. मनगटाचे माप कमी झाले ते त्यानंतर बऱ्याच दिवसांनी.

एका ठिकाणी मला सांगितले गेले होते, की लेझर सुरू आहे तर बाही घालण्याची गरज नाही. ठाण्याच्या मे महिन्यात ते ऐकायला गोड वाटले. पण दोनच आठवड्यांत हात पुन्हा भरला. पट्ट्या, बाही, हलका मसाज, व्यायाम आणि त्वचेची काळजी हाच मुख्य उपचार आहे, लेझर त्याच्या जोडीला.

सुरुवात करण्यापूर्वी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना अवश्य विचारा, कारण जिथे गाठ असेल किंवा तशी शंका असेल तिथे हा प्रकाश देत नाहीत. हात लाल, गरम होऊन ताप आला, तर लेझरचे सत्र चुकले तरी चालेल, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि पहिल्याच दिवशी दोन्ही हातांची मापे ठरावीक अंतरांवर घेऊन वहीत तारखेसह लिहून ठेवायला सांगा.