सात बँड आणि ‘पास’ झालेले आजोबा

मी मेलबर्नमध्ये नर्सिंग शिकते. माझ्या दुसऱ्या प्लेसमेंटचा, म्हणजे हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष काम करून शिकण्याचा, चौथा दिवस. वॉर्ड स्ट्रोकचा. इथे अर्धांगाच्या पेशंटला नीट गिळता येतंय की नाही हे तपासेपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा देत नाहीत, उशाशी ‘निल बाय माउथ’ची पाटी लागते. सहा नंबरचे आजोबा चहासाठी तळमळत होते. मी दिसले की रिकाम्या हातानेच कप तोंडाला लावल्यासारखं करायचे. त्या सकाळी गेले तर पाटी नाही आणि कॉटही रिकामी. सिनियर नर्सला विचारलं. ती हळूच म्हणाली, ‘ही पास्ड अर्ली दिस मॉर्निंग.’

मी म्हणाले, ‘ओह, व्हेरी गुड!’

मला वाटलं, गिळण्याच्या तपासणीत पास झाले. बार्शीच्या मुलीला ‘पास’ म्हटलं की पेढेच आठवणार ना! ती बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग दंडाला धरून औषधांच्या खोलीत घेऊन गेली आणि तिथे सांगितलं. त्या शिफ्टमध्ये पुढे मी कुणाशी धड बोलले नाही.

बरं, मी काही इंग्रजीचा गंध नसताना आलेली नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम खरं, पण पुढे मायक्रोबायॉलॉजीत बीएस्सी केलं, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत सात बँड, म्हणजे सात गुण, काढले. रायटिंग दोनदा साडेसहावर अडकलं होतं. तिन्ही वेळच्या फीचा हिशेब बाबांना अजून तोंडपाठ आहे. पुढे मार्च २०२५ पासून ऑस्ट्रेलियाने नर्सच्या नोंदणीसाठी रायटिंगची अट साडेसहावरच आणली. ब्रिटनने तर २०१८च्या अखेरीसच आणली होती. आपलं नशीब.

घरून सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘एवढे मेडिकलचे अवघड शब्द कसे गं जमतात?’ तेच तर सगळ्यात सोपे! डिस्फेजिया, टॅकिकार्डिया हे सगळं ग्रीक-लॅटिन. माझ्या वर्गातल्या अस्सल ऑस्ट्रेलियन पोरींनाही ते माझ्याइतकंच परकं, पाठांतरात तर मीच पुढे. अडतं ते बारक्या शब्दांशी. पास वॉटर म्हणजे लघवी, पास विंड म्हणजे वारा सरणं, पास आउट म्हणजे शुद्ध हरपणं, पास अवे म्हणजे जाणं. आणि त्यातलं ‘अवे’ गाळूनही माणूस मरतोच.

जिम कमिन्स या कॅनडातल्या भाषातज्ज्ञाने १९७९मध्ये रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा भेद मांडला. परदेशातून आलेली मुलं दोनेक वर्षांत सफाईने बोलू लागतात, पण अभ्यासाच्या भाषेत वर्गाच्या बरोबरीला यायला त्यांना पाच ते सात वर्षं लागतात, असं त्याचं म्हणणं. ते शाळकरी मुलांबद्दल होतं. आमची गंमत उलटी. आम्ही इंग्रजी शिकलो तेच पुस्तकातून, त्यामुळे पेशीतला सोडियम-पोटॅशियमचा पंप घडाघडा सांगू, पण पेशंट ‘फीलिंग अ बिट क्रुक, लव्ह’ म्हणाला की गप्प. (‘क्रुक’ म्हणजे आजारी. मला वाटलं, कुणीतरी चोर आहे.) आणि प्लेसमेंट वेगळी पास व्हावी लागते. लेखी परीक्षेतले मार्क तिथे कामाला येत नाहीत.

पण अभ्यासाची भाषा तरी येत होती का? पहिल्या निबंधावर मॅडमनी शेरा मारला होता की माहिती सगळी आहे, तुझं म्हणणं कुठे आहे? आपल्याकडे ‘व्याख्या लिहा, कारणे द्या, आकृती काढा’ यावर पेपर सुटतो. इथे ‘क्रिटिकली डिस्कस’. वर ‘रिफ्लेक्शन’ म्हणून एक प्रकार, त्यात वॉर्डमधल्या प्रसंगात स्वतःला काय वाटलं ते लिहायचं. परीक्षेत मला काय वाटलं हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी आपलं ‘द स्टुडंट नर्स वॉज सॅड’ असं तिऱ्हाइतासारखं लिहून दिलं. व्याकरणाची चूक एकही नव्हती. मार्क काठावरचे.

वेदनांवर मात्र मी खूश आहे. १९७५मध्ये मॅकगिल विद्यापीठाचं नाव असलेली एक प्रश्नावली आली, तिच्यात दुखण्याचे ७८ शब्द २० गटांत लावलेत. वाचता वाचता मी समोर मराठी शब्द लिहीत गेले. थ्रॉबिंग म्हणजे ठणकणं, शूटिंग म्हणजे चमक, बर्निंग म्हणजे आग. शेवटी माझ्याकडेच शब्द उरले. रग, कळ, हुळहुळणं, भगभगणं. आईला फोनवर विचारलं तर तिने आणखी चार सांगितले आणि वर ‘तुझं काय दुखतंय?’ म्हणून घोर लावून घेतला.

‘पास’च्या प्रकारानंतर मी खिशात वही ठेवते. न कळलेला शब्द सरळ पेशंटलाच विचारायचा. म्हातारी माणसं खुशीने समजावून सांगतात. गेल्या आठवड्यात न्यूझीलंडच्या एका आजोबांना विचारलं, आज कसं वाटतंय? म्हणाले, ‘बॉक्स ऑफ बर्ड्स!’ पेटीभर पाखरं? छातीत फडफडतंय की काय? वही राहिली बाजूला, मी आधी मनगट धरलं. आजोबा खो खो हसत सुटले. त्यांच्याकडे त्याचा अर्थ ‘एकदम मजेत’. नाडी बहात्तर होती.